उसनं गाव

सॅन फ्रान्सिस्को, मार्च १९५८

प्रिय होई-दादा,

सिएटलहून तू पाठवलेली सुकी मासळी पोचली. लॉन्ड्रीभर वास सुटलाय, गिऱ्हाइकं नाकं मुरडतायत, पण डबा मी समोरच ठेवलाय. परवा धाकटीने विचारलं, "बाबा, तुमचं गाव कसं होतं?" मी रंगात आलो. तळ्याकाठचा वड, पूर्वेची विहीर, आंधळ्या काकांची बदकं, सगळं सांगितलं. बायको इस्त्री करता करता म्हणाली, "अहो, हे तर भावोजींचं गाव. तुमचं कधी सांगणार?" तुझ्या गावात मी पाऊलही टाकलेलं नाही, तरी ओढ लागते ती त्याचीच.

बोटीवरची शिकवणी आठवते? त्या काळी इथलं नागरिकत्व असलेल्या चिनी माणसाचा नाहीतर व्यापाऱ्याचा मुलगा असल्याशिवाय आपल्या चिनी लोकांना या देशाचं दार उघडत नव्हतं, म्हणून तुझ्या बाबांनी मला कागदावर धाकटा मुलगा करून घेतलं. डेकवर तू रोज परीक्षा घ्यायचास. "अरे ढ, विहीर पूर्वेला! पश्चिमेला म्हणालास तर तूही परत जाशील नि मीही!" मग इथल्या बंदरातल्या बेटावर, नव्याने आलेल्यांना तपासणीसाठी डांबायचे त्या बराकीत, साहेबाने विचारलं, आई कुठे? शिकवल्याप्रमाणे मी म्हणालो, वारली. आणि खरंच रडू फुटलं. बाहेर आल्यावर तू पाठीत धपाटा घातलास, "नाटकी कुठला!" आणि मग तूही तोंड फिरवून डोळे पुसलेस. वारली होती ती तुझी आई. माझी घरी भाताला पाणी घालत असेल, एवढंच माझ्या मनात येत होतं.

आता नियम बदललेत. स्वतःहून खरं नाव सांगितलं तर बहुधा राहू देतात, पुढेमागे आपल्या माणसांना बोलावताही येतं. आई हाँगकाँगला मावशीकडे आहे, तिला दिसायचं कमी झालंय. पण या उसन्या नावावर सरकारदरबारी माझी आई केव्हाच वारली. तिला मी कसं बोलावू? आणि तोंड उघडलं तर तुझ्या बाबांची जबानी खोटी ठरेल. मग तू तरी त्यांचा खरा मुलगा का, हे सरकारी साहेब तपासणारच. तुझं हॉटेल, वहिनी, मुलं, सगळंच टांगणीला लागेल. म्हणून आधी तुला विचारतोय. नाही म्हणालास तर राग धरणार नाही. तुमच्या नावावर मी संसार केलाय, त्या मिठाला जागेन. पण दादा, दिसतंय तोवर तिने एकदा डोळे भरून मला बघावं रे. आज सही तेवढी तिने ठेवलेल्या नावाने करतो.

तुझाच धाकटा भाऊ,
मा ग्वोक-लुन