शेजारची सीट रिकामी ठेवल्याबद्दल

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का? माझी प्रकृती उत्तम आहे, असं कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं मत आहे. (त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाचं मत घ्यायची सध्या सोय नाही.) सात महिने पत्र नाही, फोन नाही, म्हणून तू रागावली असशील तर तो राग रास्त आहे. पण ही गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात तू "तिची गाडी विकून टाक, तुला कुठे चालवता येते?" म्हणालीस, ते मला फार लागलं. विकायची नाही म्हणजे चालवायला हवी. म्हणून एकसष्टाव्या वर्षी मी शिकाऊ परवाना काढला, आणि त्या परवान्यापायी कोर्टात उभा राहून आलो. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

वीस धडे झाल्यावर शिकवणारे मास्तर म्हणाले, आता घरच्या कोणाला तरी शेजारी बसवून सराव करा. कायदाच आहे तसा: शिकाऊ माणसाच्या शेजारी पक्का परवाना असलेलं माणूस हवं. मी शोधाशोध केली. औषधवाल्याकडे फक्त स्कूटरचा परवाना. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंच्या परवान्याची मुदत संपलेली (बाईंची नव्हे). लेक विमानाने आठ तासांवर. शेवटी एका रविवारी सकाळी मी एकटाच निघालो. बाजारापर्यंतच जायचं होतं गं.

तिसऱ्या सिग्नलला गाडी बंद पडली. सात वेळा चालू केली, सात वेळा बंद पडली. मागच्यांनी हॉर्न वाजवून आकाशपाताळ एक केलं. तेवढ्यात वाहतूक पोलीस आला. भला माणूस. म्हणाला, "काका, उतरा, मी बाजूला लावतो." मला कायदा आठवला. म्हटलं, "त्यापेक्षा तुम्हीच शेजारी बसा. तुमच्याकडे परवाना असेलच." आणि ताई, गडबडीत तो खरंच बसला! "क्लच हळू सोडा," म्हणाला, आणि गाडी अशी लोण्यासारखी निघाली की मी त्याला बाजारापर्यंत येता का विचारलं. तेव्हा कुठे तो भानावर आला आणि त्याने परवाना मागितला. सोबत परवानाधारक नाही, असं तो लिहू लागला. मी म्हटलं, "आत्ता होतात ना!" तो म्हणाला, "म्हणूनच मला माहीत आहे, आधी कोणी नव्हतं ते."

गुन्हा कबूल करून, खिडकीवर दंड भरून सुटता येत होतं. कारकून म्हणालाही, सही करा आणि मोकळे व्हा. पण कबुलीची नोंद होते आणि पक्क्या परवान्याची परीक्षा लांबते, म्हणून मी सुनावणी मागितली. (खरं म्हणजे त्या मंगळवारी मला दुसरं काही काम नव्हतं.) इस्त्रीचा शर्ट घालून, चार पानी बचाव लिहून गेलो.

न्यायाधीश बाई आपल्या लेकीच्या वयाच्या. पोलीस शेजारी बसल्याचं ऐकून त्या हसल्या, पोलिसाचे कान लाल झाले. मग त्यांनी विचारलं, "पण सिग्नलपर्यंत गाडी कोणी आणली?"

"मी."

"घरात परवाना असलेलं कोणी नाही?"

"होती," मी म्हणालो.

हा शब्द चार पानांत कुठेच नव्हता. बाईंनी पान उलटलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्यासाठी कायद्यात सूट नाही, काका. उद्या कोणाला लागलं तर विमा मिळणार नाही, खटला वेगळा. आणि ज्याला लागलं त्याला काय सांगाल?" मी चार पानी बचाव घडी करून खिशात घातला. हसण्यावारी नेतोय खरा, पण त्या दिवशी पांढऱ्या पट्ट्यांवर एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती. तिची आठवण झाली की आजही खुर्चीत बसल्या बसल्या पाय ब्रेक शोधतो.

शिक्षा अशी: परवाना तीन महिने स्थगित, आणि दोन दिवस सुरक्षेचा वर्ग. पुन्हा सापडलो तर परवाना रद्द. वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं. पहिल्या दिवशी मला आजोबा म्हणत होती, दुसऱ्या दिवशी जेवताना मला जागा धरून ठेवली. शेवटी मी सरांना विचारलं, तिसरा दिवस नसतो का? ते म्हणाले, त्यासाठी आणखी एक गुन्हा करावा लागेल. (दोन मिनिटं विचार केला, खोटं कशाला सांगू?)

ताई, गाडी विक म्हणालीस त्या दिवशी तुझ्यावर फोन आपटला, ती चूक माझी.

तुझा,
धाकटा

ता. क. स्थगिती चौदा तारखेला संपते. तुझा परवाना तीस वर्षांचा आहे. आठ दिवस येशील का? काही करायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं.

ता. क. २. माझं अगदीच अडलंय असं समजू नकोस. मास्तर यायला तयार आहेत. पण ते सारखे घड्याळ बघतात.

ता. क. ३. आत्ताच खाली जाऊन आलो. तीन महिने उभी राहून बॅटरी उतरली आहे, गाडी चालूच होत नाही. तरी ये.