मागून येणारा आवाज

अमरावती,
४ डिसेंबर २०२४

तीर्थरूप मैनाआत्यास,
प्राजक्ताचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे ठीक आहे. थंडीने आईची कंबर कुरकुरते, एवढेच. फोन असताना पत्र कशाला, असे तू मनोजदादाला विचारशील म्हणून आधीच सांगते. फोनवर बाबांचा विषय काढला की तुझी भाजी करपते. दरवेळी करपते. कागदावर तरी करपणार नाही.

काम असे आहे. आमच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला चाळीस वर्षे झाली. मुलांच्या या संघाचा इतिहास स्मरणिकेसाठी लिहायचे काम क्रीडा विभागात माझ्याकडे आले. साहेबांना ठाऊक नव्हते की पहिल्या संघाचा गोलकीपर देवीदास माझा बाप. मी सांगितले तेव्हा ते खुर्चीत सरळ बसले.

निकाल जुन्या वर्तमानपत्रांत सापडले. पहिल्या वर्षी इंदूरला पहिल्याच सामन्यात सात गोलांनी हार. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या फेरीपर्यंत मजल. आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे शहाऐंशीच्या डिसेंबरात, पश्चिम विभागात शेवटच्या चारांत येऊन थेट अखिल भारतीय स्पर्धेत. त्यानंतर आजवर कोणत्याच संघाला ते जमले नाही.

एक गोष्ट मात्र कुठे मिळत नाही. दर्यापूरच्या रस्त्यावर जीप उलटून बाबा गेले, तेव्हा मी अडीच वर्षांची होते. त्यांचे फोटो आहेत, शिट्टी आहे, ते शिकवायचे त्या शाळेतले हजेरीचे पेन आहे. आवाज नाही. आई म्हणते, ते घरात बोलायचेच कमी. बाबांचा आवाज कसा होता, आत्या? एवढे लिहून पाठव.

मनोजदादाला नमस्कार. तुझी माया अशीच माझ्यावर असू दे.

तुझी,
प्राजक्ता


अकोला,
१२ डिसेंबर

चि. प्राजक्ताले,
मैनाआत्याचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मनोज वाचून दाखवतो म्हणे. मी म्हटलं, माझं पत्र आहे, मीच वाचीन. सातवी शिकली मी, काही अडाणी नाही.

भाजीचं बोलली ते खरं आहे. फोनवर दादाचं नाव निघालं की माझा गळा भरते, अन् तुले ते ऐकू जाऊ नये म्हणून भाजीचं नाव करून मी फोन ठेवून देते. कागदाले गळा नसते, ते बरं.

दादाले गोलकीपर कोणी केलं, हे तुमच्या वर्तमानपत्रात नसन. आता मी कसते त्याच आपल्या वावरात तेव्हा फुलांसंगं कोबीही होता. गाडी मार्केटात गेली की मी वर उभी राहून गड्डे फेकत होती अन् दादा खाली झेलत होता. मुद्दाम वाकडेतिकडे फेकत होती मी, पण दादा एक खाली पडू देईल तर शपथ. कॉलेजात मास्तरनं त्याचे हात पाहिले अन् गोलात उभं केलं.

इंदूरहून सात गोल खाऊन आला त्या दिवशी जेवला नाही. मायले वाटलं, ताप आला. सकाळी मले वावरात नेलं, शेवंतीच्या दोन वाफ्यांमधी उभा राहिला अन् म्हणे, चेंडू मार. मी मारला, दादा झेपावला तो फुलांत. मग दुसरा, मग तिसरा. फुलं पाहून मायनं आमा दोघांलेही झोडपलं. तुमच्या स्मरणिकेत हे पहिलं लिहा.

आवाजाचं लिहाले बसली अन् उठून गेली. असं लय वेळा झालं. आवाज कसा लिहावा बाई? परतवाड्याले धर्मपाल आहे. दादाच्या पुढं तोच उभा राहे, स्टॉपर. संघाची निवड असली की आपल्या घरीच मुक्कामाले ये. पिठलं-भाकर असली की दोघं एका ताटात जेवत. त्याले विचारजो.

आईच्या कमरेले तिळाचं तेल कोमट करून लाव. तुझी आठवण घरातच असते.

तुझी,
मैनाआत्या


अमरावती,
२ जानेवारी २०२५

ती. मैनाआत्यास,
सा. न. वि. वि.

शेवंतीचा प्रसंग साहेबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, छापूच. आजीच्या माराचे काय करायचे, ते तू कळव.

सुट्टीत फिरून आले. पहिल्या संघाचे कप्तान भगवंतराव दर्यापूरला असतात. त्यांनी मला अंगणातच मैदान आखून दाखवले, कुणाचा पास कुठून आला ते काठीने रेघा ओढून. पहिल्या वर्षी निम्म्या पोरांनी उसने बूट घातले होते म्हणे, आणि राइट विंगर बुधाजींनी तर पुढे कागद कोंबून. ते बुधाजी नांदगाव खंडेश्वरला भेटले. आता वजन एवढे आहे की खुर्चीतून उठताना दोघांनी हात दिला. पण शेवटच्या चारांत नेणाऱ्या गोलाचे सांगताना बसल्या जागी पाय हलत होता. त्या सामन्यात बाबांनी पेनल्टी अडवली, हे दोघांनीही सांगितले, आणि दोघांचेही डोळे भरले.

पुढचा इतिहासही कळला. मध्ये बरीच वर्षे संघच निघाला नाही. मैदानावर परीक्षेचे मंडप पडायचे. मग अकरा जण जमवून पुन्हा सुरुवात झाली. गेल्या चार वर्षांत मुले दोनदा शेवटच्या आठांत गेली. यंदाचा संघ चांगला आहे.

पण आवाज? भगवंतराव म्हणाले, भारी होता, घागरीत बोलल्यासारखा. बुधाजी म्हणाले, छे, बारीक होता, शिट्टीसारखा. मी परतीच्या बसमध्ये दोन्ही एकत्र करून पाहिले. त्यातून बाबांचा आवाज काही तयार झाला नाही. धर्मपालकाका घरी नव्हते, व्यापाराच्या कामाने धारणीकडे गेलेले. त्यांच्या बायकोने चहा पाजला आणि निरोप ठेवते म्हणाल्या.

सव्वीस जानेवारीला सकाळी जुन्या खेळाडूंचा आताच्या संघाशी सामना आहे. तू यायचेच. मनोजदादा गाडीने सोडेल.

वाट पाहते.

तुझी,
प्राजक्ता


अकोला,
१५ जानेवारी

चि. प्राजक्ताले अनेक आशीर्वाद. वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ मनोजसंगं पाठवला, पोचला असन. आईले आधी दे, तू सगळा खाऊ नको.

मी येत नाही. झेंडूची तोड आहे असं लिहिणार होती, पण तुले खोटं कशाले लिहू. दुपारी वावरात एकटी असली की मले दादाचा आवाज येते. रोज नाही, कधीमधी. मी वळून पाहते असं नाही, वळल्या जाते. इतकी वर्षं तो माझ्यापाशी जसाच्या तसा आहे. तिथं कोणी म्हणाले लागलं, देवीदास असा बोले अन् देवीदास तसा बोले, अन् त्यानं माझ्यातला पुसल्या गेला, तर मी काय करू? म्हणूनच तुले लिहून देत नव्हती. मीही चुकीचा लिहीन, अन् मग तोच खरा होऊन बसन.

रागावू नको. तू जा, ऐक, तुझा हक्क आहे. मले फक्त सामन्याचं कळव.

तुझीच,
मैनाआत्या


अमरावती,
२७ जानेवारी

ती. मैनाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रागावले नाही. कालचे सगळे सांगते. वाचायचे की नाही, ते तू ठरव. पुढच्या पानावर आवाजाचे आहे, हे आधीच सांगून ठेवते.

झेंडावंदनानंतर सामना झाला. धर्मपालकाका आले होते. उंच, वाकलेले, गुडघ्याला पट्टा. मला पाहून म्हणाले, हात देवीदासचे आहेत. मी आवाजाचे विचारले. म्हणाले, पोरी, मी सामनाभर त्याच्याकडे पाठ करून उभा असे. खेळतानाचा त्याचा चेहरा मी कधी पाहिलाच नाही. माझ्या पाठीवर फक्त त्याचा आवाज असे. पण तो काढून दाखवायचा म्हटले तर मला येणार नाही, मी काही नकल्या नाही. मी बरे म्हटले आणि जाऊन बसले.

वयस्कर माणसे कमी पडली म्हणून आताच्या संघाचा गोलकीपर त्यांच्या बाजूने उभा केला होता. चपळ पोरगा, पण तोंडातून अक्षर काढत नव्हता. दोन गोल झाले. धर्मपालकाका खेळ थांबवून त्याच्याकडे गेले. तू बोलत का नाहीस, असे विचारले. तो म्हणाला, काय बोलू? काकांनी त्याला बाजूला केले, स्वतः गोलात उभे राहिले आणि पंचांना म्हणाले, सुरू करा.

चेंडू डावीकडून आला. तेव्हा काका ओरडले, "सोड धरम्या, मी हाय मांगं."

आत्या, ते स्वतःचेच नाव घेऊन ओरडले. त्यांना कळलेही नसावे. आवाज भारी नव्हता आणि बारीकही नव्हता. मैदानाच्या पलीकडे भगवंतराव थांबले. बुधाजी खुर्चीत बसले होते, त्यांनी मान वळवली. दोघांनी एकाच वेळी गोलाकडे पाहिले. त्यांच्या तोंडाकडे पाहून मला कळले की हाच आहे.

चेंडू गोलात गेला. धर्मपालकाका तसेच उभे होते. मग मला दिसेनासे झाले.

रात्री आईला सांगितले. ती पोळ्या लाटत होती. लाटता लाटता म्हणाली, घरात त्यांना ओरडायची गरजच पडली नाही, मी त्यांच्या जवळच असायचे.

धर्मपालकाकांनी तुझा पत्ता विचारला. मी दिला. चुकले असेल तर रागव, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
प्राजक्ता


अकोला,
९ फेब्रुवारी

चि. प्राजक्ताले,
आत्याचे खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

तुझं दुसरं पान मी डब्यात ठेवून दिलं होतं. वाचलं नव्हतं.

शुक्रवारी धर्मपाल आला. मनोजले वाटलं, फुलांचा व्यापारी. मी त्याले चालीवरून ओळखलं. पिठलं-भाकर केली. तुझ्या आईचं, पोराबाळांचं, गुडघ्याचं बोललो, दादाचं नाही. जेवून तो म्हणे, वावर पाहून येतो. मी हाव म्हटलं अन् ओट्यावर बसून हार गुंफत राहिली. तो पार विहिरीपाशी गेला. तिथूनच दादा दुपारी पाणी मागे. धर्मपालनं ते किती वेळा ऐकलं असन.

त्यानं मुद्दाम केलं की त्याले खरंच तहान लागली, ते मी विचारलं नाही. तिकडून हाक आली, "मैने, पाणी आण वं."

मी म्हटलं, "आली रे दादा."

म्हणून गेली, अन् उठलीही. तांब्या भरला, झेंडूतून वाट काढत निघाली. अर्ध्यात गेल्यावर मले समजलं की मी कोणाले उत्तर दिलं. तिथंच उभी राहिली. काही पुसल्या गेलं नाही, प्राजक्ता. दोन्ही आवाज एकमेकांवर बसले, अन् एकच राहिला.

मग उरलेली वाट चालली अन् धर्मपालले पाणी दिलं. तो मान वर करून पिऊन राहिला होता अन् मी त्याच्याजवळ उभी होती. तांब्या रिकामा झाल्यावर म्हणे, अजून आण.

येत्या रविवारी आईले घेऊन ये. पत्र लिहीत बसू नको.

तुझी,
मैनाआत्या