आमच्या विहिरीत बेडूक जगत नाही

२१ जानेवारी १९३४

प्रेमाचं जमलं! उमरेडचे लोक आले, पोहे खाल्ले आणि मुलीच्या चेहऱ्याआधी तिचे तळहात पाहिले. आम्हा कोष्ट्यांत तीच रीत – घट्टे असलेली मुलगी म्हणजे मागावर बसणारी मुलगी. होणाऱ्या सासूबाईंनी प्रेमाच्या तळव्यावरून बोट फिरवलं आणि खूश. "पोरगी कामाची हाय, गणपतराव!" कामाची कसली! माझी ही बहीण कांड्या भरता भरता घोरते. पण जमतंय ते कशाला मोडा.

बाबा म्हणाले, "आमच्या रंभेचे हातबी असेच होते." आईला जाऊन सहा वर्षं झाली, तरी दिवसातून एकदा तिचं नाव निघतंच. मग आमच्या विहिरीचं पाणी पाजलं सगळ्यांना. "आमच्या विहिरीत बेडूक जगत नाही! इतकं साफ पानी!"

घट्टे मलाही आहेत. दहा वर्षांत मी मागाला शिवलेलो नाही, बर्डीच्या बाजारात कापडाच्या दुकानात गज घेऊन उभा असतो. बाबा म्हणतात, रक्तात आहे.

१२ मे

प्रेमा सासरी गेली. मांडवात बाबा व्याह्यांना माझे तळहात दाखवत होते. मी काय बाजारातला बैल आहे?

३ ऑगस्ट

दुकानात एक डॉक्टर धोतरजोडी घ्यायला आले. मी कापड मोजत होतो, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. मला वाटलं, गज आखूड आहे हे पकडलं! पण ते तळहात बघत होते.

"माग चालवता?"

"नाही."

"मग हे कशाचे?"

"रक्तातले," मी म्हटलं. ते हसले नाहीत. तिथेच तळपाय बघितले, मग सदरा वर करायला लावून छातीवरचे डाग बघितले – पावसाचे थेंब पडून वाळल्यासारखे आहेत ते. गिऱ्हाइकं बघत होती. शेटजी तर असे बघत होते, जणू मला पटकीच झाली आहे. "पाणी कुठलं पिता?" मी सांगितलं, घरच्या विहिरीचं, बेडूक जगत नाही इतकं साफ. तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला! बाटलीभर पाणी घेऊन यायला सांगितलंय.

२० सप्टेंबर

पाण्याचा निकाल आला. सोमल! उंदीर मारायचं विष!

डॉक्टर म्हणाले, "एका घोटानं काही होत नाही. वर्षानुवर्षं प्यालं की आधी तळहात-तळपाय, मग पायांच्या नसा, मग आत पोटात काय काय. पोटातल्या मुलालाही पोचतं. आणि पाणी उकळलं तरी ते जात नाही, उलट वाढतं." आलं कुठून, ते त्यांना सांगता येईना. "सोमल, हरताळ, मनशीळ – सगळी एकाच घरातली भावंडं. कधी जमिनीतच असतं, कधी माणसं आणून टाकतात." बेडूक बिचारे नाजूक, पटकन मेले. आम्ही कोष्टी चिवट.

जेवताना बाबांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. "काय म्हन्लं? सोमल?" एवढंच. मग एकदम भडकले. "तुह्या आज्यानं खोदली थे विहीर! तुले काय समजते? जा, नळाचं पे, लोखंडाचं!" ताट तसंच टाकून उठले आणि अंधार पडेपर्यंत विहिरीच्या कठड्यावर बसून होते.

शेजारच्या जनाबाईलाही सांगून पाहिलं. ती भाजीची टोपली घेऊन फिरते, जन्मात कधी मागाला शिवली नाही, पण हात आमच्यासारखेच. "साठ वर्सं पेऊन राहिली मी हे पानी. मेली का गा?" तिला पायात काटा रुतलेला कळत नाही. ती म्हणते, ही देवाची कृपा.

२१ सप्टेंबर

आजपासून मी गल्लीच्या तोंडावरच्या नळाचं पाणी पितो. चोरून. लोक दारू चोरून पितात, मी पाणी!

९ नोव्हेंबर, भाऊबीज

प्रेमा आली. ओवाळताना तिचा हात हाताला लागला आणि मी दचकलो. मऊ! पूर्ण नाही, पण किसणीची घोंगडी झाली म्हणू. सहा महिने उमरेडचं पाणी. तिकडे सासू टोमणे मारते म्हणे, "लग्नाआधी कोनाचे हात दाखवले वं?" प्रेमा हे सांगताना हसत होती आणि रडतही होती.

मी तिला धरून बाबांपुढे नेलं. "बघा!" त्यांनी तिचे तळहात कितीतरी वेळ बघितले. मग म्हणाले, "तिकडचं तेल चांगलं असन."

आणि आनंदाची बातमी – तिला दिवस आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे जानेवारीअखेर ती येणार. बाळंत होईपर्यंत आणि पुढेही महिना-दीड महिना ह्याच विहिरीचं पाणी. बातमी ऐकून सगळे पेढे खात होते, मी माझा पेढा खिशात टाकला. भीती वाटते. सरळ लिहितो, फार भीती वाटते.

२४ जानेवारी १९३५

प्रेमा रविवारी येणार. मी बाबांचे पाय धरले. खरंच धरले! निदान तिच्यापुरती नळाची घागर आणू म्हटलं. "माहेरी आली पोरगी अन् सरकारी पानी पेईन? लोकं काय म्हनतीन?" काय म्हणतील? जगली म्हणतील!

२५ जानेवारी

दुकानामागच्या बोळात मेलेली मांजर सापडली. पोत्यात घालून आणली आणि पहाटे विहिरीत सोडली. देवा, माफ कर. मांजरी, तूही कर.

सोमलाला कोणी भ्यालं नाही, मांजरीला सगळी गल्ली भ्याली! जनाबाईनं काल प्यालेलं पाणी आज तीनदा ओकून काढलं. उद्या उपसा. मग गंगाजल टाकून शुद्ध करणार म्हणे. म्हणजे मला दोनच दिवस मिळाले. पुढे काय, दुसरी मांजर?

२६ जानेवारी

दुपारपर्यंत विहीर उपसली. तळाच्या गाळातून मडकी निघाली! तीन. लाखेनं तोंडं बंद केलेली, पण अंगाला तडे गेलेले. एक बाहेर काढताना फुटलं, आत पिवळेधमक खडे. जनाबाईनंच ओळखलं – "हे तं हरताळ व्हय! तुहा आजा निळीच्या कुंडात टाके." आजोबा रंगारी होते, विलायती रंग आले तेव्हा त्यांची कुंडं बुजली.

म्हणजे डॉक्टर खरे! आणि मी खरा! सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती, मी छाती काढून उभा. कोण हा गाढव, ज्यानं पिण्याच्या विहिरीत हे टाकलं? सापडला तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यासोबत त्याचीही धिंड काढतो!

बाबा उपशाला आलेच नाहीत. अंग मोडून आलंय म्हणे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

२७ जानेवारी

प्रेमा आली. नळाची घागर बाबांनीच भरून आणून ठेवली होती.

ती आत गेल्यावर हळूच मला म्हणाले, "किती निघाली?"

"तीन."

"चार टाकली होती म्या. बाप म्हने, दूर नेऊन गाड. मले मारबत पाहाची घाई होती. तू सोमल म्हन्लं, त्याच दिवशी आठोलं सारं."

मी घागरीवर झाकण ठेवलं. मग ते म्हणाले, "तुही माय रंभा लग्न होऊन आली, तवा माह्या मायनं नाक मुरडलं होतं. हात मऊ हायेत, म्हने. कामाची नाही."