लाहूची खरी तारीख

डहाणू,
१२ ऑक्टोबर १९९६

प्रिय लाहू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस, तुझी आई बरी आहे. गुरुजींचं पत्र म्हणजे कुणाचं तरी काहीतरी चुकलेलं असणार, असं तुला वाटेल आणि ते बरोबरच आहे. फक्त या वेळी चूक माझी आहे. नागपूरच्या टेलिफोन ऑफिसात तू रोज मशीनशी झटतोस, तेव्हा माझी फजिती तुला चटकन कळेल.

आमच्या शैलेशच्या वापीच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा जुन्यातला एक त्याने घरी आणला. मी दोन बोटांनी टाइप करायला शिकलो. हसू नकोस. पाटीवर गिरवताना तुझी जीभ बाहेर यायची, तशी माझीही येते म्हणे. हे आमच्या सौ. वसुमतीचं निरीक्षण, आणि ती ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

या वयात हा उद्योग कशाला, ते ऐक. उधव्याकडच्या पाड्यांवरून पोरं गोळा करून शाळेत बसवली, तेव्हा कुठल्याच आईबापाला पोराची जन्मतारीख ठाऊक नव्हती. मी सरसकट एक जून लिहीत गेलो. सगळेच मास्तर तसं करायचे. चौतीस वर्षांत चारशे बारा पोरं मी एकाच दिवशी जन्माला घातली. तुमच्यातले नोकरदार एकाच तारखेला म्हातारे ठरणार, याचं मला हसू यायचं. मी स्वतः रिटायर झालो आणि ते हसू आटलं. कुणाच्याही आईला साधं विचारायचंसुद्धा मला सुचलं नव्हतं. मग छत्री आणि वही घेऊन पाडे पालथे घातले. एक सांगे, वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी. दुसरी सांगे, आवणीत, भात लावताना बांधावरच, शाळेवर कौलं चढली त्या साली. घरी येऊन जुनी पंचांगं उलटायची आणि तारीख काढायची. यात तीन वर्षं गेली. शेवटी हजेरीपटासारखे रकाने पाडून सगळं कॉम्प्युटरच्या डेटाबेसमध्ये भरलं. पहिली नोंद तुझी.

आमची नात सई हिने एका दुपारी कळा दाबून अख्खा पाडा पुसला. वहीतून तो मी पुन्हा भरला आणि शैलेशने सांगितलं तसा पासवर्ड घातला. त्यानंतर मलेरियाने तीन आठवडे अंथरुणाला खिळलो. उठून मशीनपुढे बसलो तर पासवर्ड आठवेना. वह्या शोधायला गेलो, तर वसुमतीने त्यांच्यावर न्हाणीचा बंब पेटवलेला. तिला काय बोलणार? आता सगळं मशीनमध्ये आहे, ही रद्दी कशाला, असं मीच ऐटीत म्हणालो होतो. शैलेशच्या ऑफिसातला जाणकार येऊन गेला आणि चहा पिऊन, मान हलवून परतला.

एवढं नक्की आठवतं की पासवर्ड म्हणून तुझी जन्मतारीख घातली होती. सवयीने एक जून टाइप केलं. मशीन म्हणालं, चूक. लाहू, अठ्ठावीस वर्षांनी मला कुणीतरी हे सांगितलं.

मग एसटी पकडून तलासरीला आणि तिथून चालत तुझ्या आईकडे गेलो. तुझ्या जन्माची हकिगत तिने पूर्वी मला तासभर सांगितली होती. सांगताना ती खूप हसली होती, तेवढंच माझ्या डोक्यात राहिलं आहे. या वेळी तिने नाचणीची भाकरी वाढली, पाणी दिलं आणि म्हणाली, "तुला एकदा सांगला ना गुरुजी. आता पोऱ्या येल तव्हा त्यालाच सांगीन." खूप विनवलं, पण ती ढिम्म. तिच्या डाव्या डोळ्यात आता फूल पडलंय. मला तिने आवाजावरून ओळखलं.

तुझा बाप सुक्या गेला तेव्हा तू तिला नागपूरला चल म्हणालास, ती नाही म्हणाली आणि तू तेराव्यानंतर रागाने निघून गेलास. त्याला चार वर्षं झाली. तिने तुझ्याबद्दल एकही वाकडा शब्द काढला नाही. तू काढला असशील, तर तो तुझ्यापाशीच ठेव.

आता खरं ते सांगतो. साल बासष्ट की त्रेसष्ट, एवढाच मला संशय आहे. म्हणजे फार तर सातशे तीस तारखा. सदतीस घालून पाहिल्या आणि थांबलो. रोज तासभर बसलो तर दिवाळीच्या आत कुलूप उघडेल. पण मी बसणार नाही. ते उघडलं, तर तुला बोलावून घ्यायला माझ्याकडे दुसरं काय उरतं? दिवाळीची रजा टाक. डहाणू रोडला उतर, मी स्टेशनवर असेन, पुढे एसटीने दोघं जाऊ. ती सांगायला लागली की मी अंगणात जाऊन बसेन. तुझं ऐकून झालं की मला हाक मार.

तुझी वाट बघणारा, तुझाच
एकनाथ गुरुजी