बुडीचा अर्ज

दि. २ फेब्रुवारी

चि. मासोळीस अ. आ. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण तुझा फोन म्हटला की हे माझ्याजवळ येऊन बसतात आणि आपल्या बोलण्यात स्वतःचं घालतात. म्हणून कॉलेजच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे.

हे कारखान्यातल्या दोन मित्रांना घेऊन पंधरा तारखेला तुमच्या डायव्हिंग सेंटरवर येत आहेत. नऊ वर्षांपूर्वी चार दिवसांचा कोर्स करून डायव्हिंगचं कार्ड मिळवलं, त्यानंतर पाण्याखाली गेले ते सगळे मिळून तीनदा. पण मित्रांना असं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हे समुद्रातच लहानाचे मोठे झाले. तेव्हा एवढंच कर, शिकाऊ लोकांबरोबर त्यांना सरावाच्या तलावात उतरवू नकोस. मित्रांसमोर नाक कापलं जाईल आणि त्याचं उट्टं वर्षभर माझ्यावर निघेल. तब्येतीचा अर्ज भरून सोबत पाठवते आहे, सही त्यांची आहे. खाली जाताना तू स्वतः बरोबर जा. तू असलीस की मला घोर नाही.

वेळेवर जेवत जा, आणि ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं काम होणार नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना आशा लावून बसायला नको. वर्षभर पाण्याखाली न गेलेल्या प्रत्येकाला आम्ही आधी तलावात घेतो, मग खिशात कार्ड असो वा नसो. तळाशी बसून मास्क काढायचा, परत घालायचा, नाकात पाणी गेलं तरी तोंडातल्या नळीने शांतपणे श्वास घेत राहायचं. कार्डावरून एवढंच कळतं की नऊ वर्षांपूर्वी त्यांना हे जमत होतं.

मी बरोबर असले की घोर नाही म्हणतेस, त्याचाच मला घोर आहे. एका वेळी मी चार जणांना नेते. एकाचा मास्क सरकला की मी त्याच्याकडे वळते आणि तेवढा वेळ उरलेल्या तिघांकडे माझी पाठ असते. शेजारच्या सेंटरवर तर एकेका शिक्षकाच्या गळ्यात आठ-आठ जण मारतात. मागच्या हंगामात त्यांच्यातली एक बाई मागे राहिली, ते बोटीत माणसं मोजताना कळलं. सापडली, वाचली. पण त्या शिक्षकाने नंतर पाण्यात पाऊल टाकलेलं नाही.

आता अर्जाचं. सगळीकडे ‘नाही’, आणि अक्षर तुझं. एक रकाना चुकला तरी पोरांचे अर्ज परत पाठवणारी तू. नववा प्रश्न चक्कर येण्याचा आहे, दहावा रक्तदाबाचा. हे तू भाऊजींना विचारलंस, की नेहमीसारखी भरत गेलीस? खरं काय ते कळव.

राग आला तर येऊ दे, पण लोभ तेवढा ठेव.

मासोळी

दि. १० फेब्रुवारी

चि. मासोळीस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग डबा तसाच परत नेला. सव्वीस वर्षं यांचे सगळे अर्ज मीच भरते, बँकेचे, विम्याचे, पासपोर्टचे. सही कुठे करायची तेवढं हे विचारतात. पण हा अर्ज मी डोळे मिटून भरला नाही गं. नवव्या प्रश्नाशी थांबले होते. डिसेंबरात हे जिन्यात चक्कर येऊन पडले, तेव्हापासून रक्तदाबाच्या गोळ्याही बदलल्या आहेत. मी ‘होय’ लिहिते म्हटलं, तर म्हणाले की मग ते डॉक्टरचं पत्र मागतील, आणि एकदाच तर झालं. मी ‘नाही’ लिहिलं. आमच्याकडे एखाद्या पालकाने असं केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस. पाणी गढूळ आहे म्हण, बोट बिघडली म्हण, पण खाली नेऊ नकोस. आणि तू नाही म्हटलंस तर तिरीमिरीत शेजारच्या सेंटरवर जातील, ही वेगळीच भीती. मला काही सुचत नाही. खूप घाबरले आहे.

बहिणीला पदरात घे, आणखी काय लिहू.

ताई

दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

भाऊजी समुद्रात उतरले नाहीत. आधी हे वाच आणि मग बस.

सकाळी तलावात घेतलं. मला वाटलं होतं मास्क काढताना धडपडतील आणि आपोआप प्रश्न मिटेल. पण त्यांनी सगळं नीट केलं, मित्रांपेक्षा नीट. वर येऊन म्हणाले, आता काय राहिलं मेहुणीबाई? माझी पंचाईत झाली. गढूळ पाण्याची थाप मारवेना, कारण शेजारची बोट आमच्या डोळ्यांदेखत आठ जणांना घेऊन निघत होती आणि भाऊजींचं लक्ष तिच्याकडेच होतं.

मग मी नियमावर बोट ठेवलं. अर्ज ज्याचा त्याने भरायचा, हा आमचा नियम आहेच. मित्रांना सिलिंडर आणायला पाठवलं आणि कोरा अर्ज भाऊजींसमोर ठेवला. ते म्हणाले, हिला फोन करून विचारतो. मी म्हटलं, खाली तुम्हाला जायचंय, ताईला नाही. आणि स्पष्टच सांगितलं की जमिनीवर चक्कर आली तर माणूस पडतो, कोणीतरी उचलतं. खाली तोंडातली नळी सुटते, आणि नेमकी त्याच वेळी मी दुसऱ्या कोणाचा मास्क बसवत असेन. ते खिशातून चष्मा काढून लिहायला लागले. नवव्या प्रश्नावर पेन टेकवून बराच वेळ बसले होते.

ताई, चक्कर एकदाच आली असं तू लिहिलं होतंस. त्यांनी ‘होय’ लिहून पुढे ‘चार वेळा’ असं लिहिलं आहे. जिन्यातली एक. बाकीच्या तीन कारखान्यात, त्यातली एक चालू यंत्राशेजारी. याच दोघा मित्रांनी सावरलं, आणि घरी सांगायचं नाही म्हणून त्यांच्याकडून वचन घेतलंय.

हे तुला लिहू नकोस म्हणाले. मी ऐकणार नाही म्हटलं. मग चष्मा खिशात ठेवत म्हणाले की तोंडाने मला सांगता येणार नाही, तू लिही, मी नेतो. म्हणून पत्र टपालात न टाकता त्यांच्याच हाती देते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. वाटेत त्यांनी वाचलं तर तू मला सांगितलंस हेही कळेल. कळू दे.

आत जाऊन एकटी वाचत असशील तर बाहेर ये. ते समोर बसलेले असताना पुन्हा वाच.

तुम्हा दोघांच्याही लोभाची भुकेली,

मासोळी