सोळाचं कडं आणि तुमची हळद

संत तुकाराम नगर, पिंपरी
२२ ऑक्टोबर १९७८

आदरणीय मामूजान यांच्या सेवेशी, भाचा मन्सूरचा अदबीने सलाम. इकडे मी आणि रोशनबी खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? वैद्यांनी दिलेलं तेल तुम्ही लावत नाही आणि लावलं म्हणून सांगता, असं मुमानींच्या पत्रावरून कळलं. नवरा-बायकोच्या मध्ये मी पडत नाही, पण तेल लावा.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुमच्या भाच्याच्या हातून एक शोध लागला आहे. ते पत्र तुम्ही सांगलीच्या हळद बाजारात साऱ्या अडत्यांना वाचून दाखवलंत, हेही कळलं (मुमानी काही लपवत नाहीत). तर मामूजान, शोध लागलेला नाही. काळजी करू नका, मी खचलेलो नाही. उलट चार दिवसांपासून मला गाढ झोप लागते आहे. काय घडलं ते सविस्तर लिहितो, कारण त्यात तुमचाही हात आहे.

रंगाच्या कारखान्यात बरी नोकरी असताना सहा वर्षं पीएच.डी. कसली करतोस, असं तुम्ही नेहमी विचारता. एकदाच सांगतो. कार्बनचे अणू एकमेकांचे हात धरून कडं करतात आणि त्या कड्यावरून काही इलेक्ट्रॉन फिरत राहतात. फिरणारे सहा, दहा, चौदा किंवा अठरा असले की कडं समाधानी असतं. त्याला आम्ही अॅरोमॅटिक म्हणतो (अत्तराशी संबंध नाही, बाटली मागू नका). आठ, बारा, सोळा असले की तेच कडं चिडकं होतं, वेडंवाकडं बसतं, कुणाशीही भांडतं. पण सहा वर्षांपूर्वी एका परदेशी विद्वानाने गणित मांडून दाखवलं, की उजेड पाजून कड्याला उत्तेजित केलं की न्याय उलटा होतो. चिडकी असतात ती शांत होतात आणि शांत असतात ती बिथरतात. आपले फत्तूचाचा आठवा. एरवी उंबऱ्यावरून जाणाऱ्या मांजराशीही त्यांचं वाकडं, पण लग्नघरात गोंधळ उडाला की साऱ्या मांडवात शहाणे ते एकटेच. माझं कडं सोळाचं आहे, म्हणजे फत्तूचाचाच. एवढं मोठं कडं उजेडात खरंच शहाणं होतं का, हे दाखवणं माझं काम. झालं असेल, तर त्यातून परत येणाऱ्या उजेडाची रेघ यंत्र कागदावर काढतं, तिच्यात एका ठरावीक भागात उंचवटा दिसायला हवा. सहा वर्षं ती रेघ माझ्याकडे बघून सपाट जात होती.

आणि आता मुदत संपत आली होती. बुधवारी विद्यापीठात मुंबईच्या दोन परीक्षकांसमोर काम मांडायचं, त्यांनी मान हलवली तर वर्षभराची वाढ, नाहीतर नाव रद्द. सहा वर्षं शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्याच लॅबमध्ये बसून केलेलं सगळं पाण्यात.

अशात खंडेनवमी आली. आमच्या कारखान्यात त्या दिवशी लेथपासून टाइपरायटरपर्यंत सगळ्यांची पूजा होते आणि लॅबमध्ये ती कोंडीराम करतो. कोंडीराम म्हणजे आमचा लॅबमधला जुना माणूस, मूळचा पिंपळे गुरवचा. तुम्ही पाठवलेल्या हळदीतली वाटीभर मीच त्याला नेऊन दिली होती (तुमची हळद अस्सल, म्हणून मिरवायला). त्याने यंत्राला झेंडू वाहिले, हळदकुंकू लावलं. मी पेढा खाऊन घरी गेलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या कड्याचा नमुना छोट्या काचपेटीत भरून यंत्राला लावला आणि कागदावर उंचवटा नव्हे, अख्खा सिंहगड उभा राहिला. मी खुर्चीवरून उठून पुन्हा खुर्चीतच बसलो. रिकाम्या काचपेटीचं मोजमाप पुन्हा घ्यायला हवं होतं, पण ते दसऱ्याआधी घेतलं होतं, म्हणून कंटाळा केला. माझे गाईड अर्जुनराव मोहोळकर यांना फोन केला. त्यांनी परीक्षकांना कळवलं. मी तुम्हाला कळवलं. तुम्ही सांगलीला कळवलंत.

रविवारी रोशनबी माझा लॅबचा कोट धूत होती. खिशाजवळ पिवळा डाग होता, साबण लागताच तो लालभडक झाला. लॅबमध्ये स्वयंपाक करता का, असं तिने विचारलं. हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे घरातल्या पोरालाही ठाऊक, आणि खिशात होतं काचपेटी पुसायचं फडकं. सोमवारी सकाळी त्या काचपेटीत थोडं स्पिरिट घालून कॉस्टिक सोड्याचा थेंब सोडला. पिवळसर होतं ते लाल झालं. हळदही उजेड पिऊन उजेड परत देते, मामूजान. सिंहगड तुमचा होता.

कोंडीरामला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "व्हय साहेब, डबीतल्या काचंलाबी बोट लावलं आतनं, मग पुसून ठिवली. मागल्या साली तिला ईसरलो व्हतो. वरीसभर तुमचं काम झालं का?" मी नवी काचपेटी मागवायची चिठ्ठी लिहायला घेतली.

बुधवारी मी परीक्षकांना सगळं खरं सांगितलं, साबणासकट. मोहोळकर सर खिडकीबाहेर बघत होते. मोठे परीक्षक इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग म्हणाले, स्वतःची चूक स्वतः धरणाऱ्याला वर्षभर द्यायला हरकत नाही, मात्र आभाराच्या पानावर बायकोचं नाव पहिलं घाला. सह्या झाल्या. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि खरं सांगतो, रडलो. हळद घेऊन पुढे गेलो असतो, तर जन्मभर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मुमानींना सलाम, लहानांना दुवा. बकरीदला आम्ही दोघं येतो.

तुमचाच भाचा,
मन्सूर

ता.क. माझं मागचं पत्र कृपया उलट टपालाने परत पाठवा. मला ते जाळायचं आहे. अडत्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा.

ता.क. दुसरा. पाकीट उघडून पुन्हा लिहितो आहे. काल कोऱ्या काचपेटीत तोच नमुना लावला. सिंहगड गेला. पण त्याच्या पुष्कळ अलीकडे, त्या ठरावीक भागाच्या सुरुवातीलाच, जिथे हळद पोचत नाही तिथे, मुंगीच्या वारुळाएवढं काहीतरी दिसतं. तीन वेळा लावलं, तीनदा दिसलं. रिकामी पेटी लावली, नाही दिसलं. तेव्हा पत्र परत पाठवू नका. ट्रंकेत तळाशी ठेवा आणि कुणालाही वाचून दाखवू नका. कोंडीरामला मी अजून काही बोललेलो नाही. पण पुढच्या खंडेनवमीसाठी पावशेर हळद आत्ताच पाठवून ठेवा.