हॅचरी खिशात

४ मार्च
आजपासून ऑफिस खिशात! मेहुण्याने माझ्या मोबाईलवर रिमोट डेस्कटॉप टाकून दिलं. उबवणी केंद्रातल्या कॉम्प्युटरचा अख्खा पडदा आता तळहातावर. अंड्यांच्या मशीनचं तापमान साडेसदतीस अंश आहे ना, हे सोफ्यावरून बघायचं, वाटलं तर बदलायचं. अंड्यांचा नवा लॉट आजच मशीनमध्ये गेला. मालकांना सांगून टाकलं, रात्रपाळीचा माणूस नको, मी आहे ना. ते म्हणाले, बघा हं, लॉट मोठा आहे.
संकल्प: संध्याकाळी रोज फिरायला जाणे. पोट कमी करणे.

५ मार्च
आकडे मुंगीएवढे. 'कमी' दाबायला गेलो की 'जास्त' दाबलं जातं. ही म्हणाली, तुमचं बोट जाड आहे. बोट व्यवस्थित आहे. बटणं चुकीच्या मापाची आहेत.

७ मार्च
फोन सारखा लॉक होतो, दरवेळी पासवर्ड. वैताग. लॉकच काढून टाकलं. स्क्रीन कायम चालू राहील अशी सेटिंगही स्वतः शोधून केली. मेहुणा म्हणाला, दाजी, असं करू नका. जळतो माझ्यावर.
तापमान वाढलं की फोनवर वाजणारा अलार्मही बंद केला. फिरताना लोक वळून बघतात.

११ मार्च
दिवसपाळीचा मशीन ऑपरेटर घाबराघुबरा होऊन केबिनमध्ये आला. म्हणाला, साहेब, काल संध्याकाळी निघताना माउसचा बाण आपोआप पडद्यावर फिरत होता. जवळ कुणी नव्हतं. आज सकाळी तापमान वाढलेलं दिसलं, मी खाली आणलं.
नेट स्लो असलं की असं होतं, असं मी ठणकावून सांगितलं. ठणकावून सांगितलं की माणूस गप्प होतो. झाला.

१३ मार्च
पुन्हा तेच. आज तर पडद्यावर एक कोरं पान उघडलेलं आणि त्यावर नुसतं 'कककककक'. ऑपरेटर म्हणाला, ह्या खोलीत काहीतरी आहे. मी हसलो. पण खुर्चीवर बसताना आधी मागे बघितलं.
हा हॅकर आहे. 'क' हा त्याचा कोड असणार.

१४ मार्च
संध्याकाळभर सोफ्यावर फोन हातात घेऊन पहारा दिला. फिरणं रद्द. बाण जागचा हलला नाही. हॅकर मला टरकून आहे.

१५ मार्च
हे लिहिताना दाराला आतून कडी लावली आहे. (वारा फार आहे.)
संध्याकाळी सगळे गेल्यावर मशीनच्या हॉलमध्ये एकटा थांबलो. पंख्यांची घरघर, बाकी चिडीचूप. फोन खिशात, नजर कॉम्प्युटरवर. येरझाऱ्या घालायला लागलो आणि बाण सुटला! मी थांबलो, तोही थांबला. दोन पावलं टाकली, पुन्हा धावला. खाली बसताना तर त्याने तीन खिडक्या उघडल्या.
तो मला बघतोय. कुठूनतरी माझं प्रत्येक पाऊल बघतोय.

१६ मार्च
छडा लागला. आतलाच माणूस. तापमान वाढलेलं दर वेळी ऑपरेटरलाच कसं दिसतं? त्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं. तो म्हणाला, साहेब, मी नसलो तर सकाळी आकडा खाली कोण आणणार? बघा, कबुलीच दिली.
ही म्हणाली, त्या बिचाऱ्याला असं करून काय मिळणार? हिला सायबर क्राइममधलं कळत नाही.

१८ मार्च
दोन दिवसांत कुणाचीही तक्रार नाही. म्हणजे चोर तोच होता. आता हॉलवर जायचीही गरज नाही, सगळं घरून. संध्याकाळी नदीपर्यंत फिरून आलो.
फोनवर तापमान पाहिलं. साडेसदतीस की साडेएकोणचाळीस? ह्या पडद्यावर सात आणि नऊ सारखेच दिसतात. सातच असणार.

२१ मार्च
सातच आहे.

२५ मार्च
पिल्लं निघायचा दिवस. मालक पोराबाळांना घेऊन आले, त्यांना पिल्लं बघायची होती. दार उघडलं. वाफ अंगावर आली. चिवचिव नाही. धाकटी पोर म्हणाली, बाबा, झोपलीत का सगळी? मालकांनी पोरांना बाहेर गाडीत बसवलं.
मी म्हणालो, हॅकर. मालकांनी कॉम्प्युटर इंजिनियरला बोलावलं. बरंच झालं. एकदाचा पकडला जाईल.

२६ मार्च
इंजिनियरने तासभर कॉम्प्युटर पाहिला, मग मला पाहिलं. म्हणाला, साहेब, जरा चालून दाखवा. चाललो. बाण धावला. म्हणाला, आता खिशातला फोन टेबलावर ठेवा आणि चाला.
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. परत आलो. आणखी एकदा चाललो.
बाण जागचा हलला नाही.
मालकांनी ऑपरेटरला घरून बोलावून घेतलं होतं. तो ट्रेंमधून हळूहळू फिरला, एक अंडं कानाशी धरलं, परत जागेवर ठेवलं. मला वाटलं, आता बोलेल. त्याने एवढंच विचारलं, साहेब, मशीन बंद करू?
मी मान हलवली. पंखे एकेक करून थांबले.